गेली का मिरवणूक?

खिडकीमावशीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. नवरा होता तोवर तो मारायचा, तीही रागावला की. बाकी सगळी गल्ली तिला खिडकीमावशीच म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. कामावरून आली की बाई खिडकीत. भाजी निवडणार ती खिडकीत, केस विंचरणार ती खिडकीत, मुलाला झापणार तेही खिडकीत, म्हणजे खालच्यांना सुरुवातीपासून नीट ऐकायला मिळावं. घर चौकाच्या तोंडाशी, दुसऱ्या मजल्यावर. खाली मोठा रस्ता. रस्त्याच्या या अंगाला एका पंथाची माणसं, त्या अंगाला दुसऱ्याची. देव दोघांचा एकच. भांडण त्याच्याकडे कुणी कुठल्या रस्त्याने जायचं याचं, आणि तो रस्ता नेमका मावशीच्या खिडकीखालून जायचा.

नोकरीला ती सरकारी इस्पितळाच्या धुलाईघरात होती. तिथे धुतात यंत्रं, वाळवतात यंत्रं, पण चादरींच्या घड्या माणसांनीच घालायच्या. मोठ्या चादरीला दोघी लागतात. दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने, एक झटका द्यायचा, ताणायचं, मग एकीने चालत जाऊन आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची आणि खाली लोंबणारा भाग उचलून पुन्हा मागे यायचं. मावशीची जोडीदारीण रस्त्याच्या त्या अंगाची होती. मावशी तिला पलीकडची म्हणायची आणि ती मावशीला पलीकडची म्हणायची. मुकादम वैतागून जायचा. पलीकडची आज येणार नाही असा निरोप आला की नक्की कोण येणार नाही हे बघायला त्याला खुर्चीतून उठावं लागे, आणि ते त्याच्या जिवावर यायचं.

दोघींच्या गप्पाही चादरीच्या चालीने चालायच्या. लांब असल्या की भाजीचे भाव, जवळ आल्या की घरातलं. एखादी सासू-नणंदेची गोष्ट पुरी व्हायला अख्खं वॉर्डाचं गाठोडं संपायचं. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. एकीचा हात दुखत असेल तर दुसरीला ते झटक्यावरून कळायचं, विचारावं लागत नसे.

आता मिरवणुकांचं सांगतो. वर्षातून दोन. उन्हाळ्यात मावशीच्या लोकांची, थंडीत पलीकडचीच्या लोकांची. मावशी लग्न होऊन या घरात आली तेव्हा मिरवणुकीत बँड असायचा, बापाच्या खांद्यावर पेंगणारी पोरं असायची, आणि समोरच्या अंगाची माणसंसुद्धा बघायला बाहेर यायची. कुणी दारात पाण्याचं पिंप ठेवायचं. पिणारा कुठल्या अंगाचा आहे हे कुणी विचारत नसे. मग झेंडे मोठे झाले. झेंड्यांच्या काठ्या त्याहून जाड झाल्या. ट्रकवर भोंगे चढले, कारण देवाला अलीकडे कमी ऐकू येतं अशी कुणीतरी कार्यकर्त्यांची समजूत करून दिली असावी. गाण्यात देवाचं नाव एकदा, समोरच्यांच्या आयाबहिणींचा उद्धार चारदा. समोरच्यांचं प्रार्थनाघर आलं की मिरवणुकीचे पाय हटकून जड व्हायचे. पोलीस लोखंडी बॅरिकेड लावायचे आणि त्यालाच टेकून चहा प्यायचे. मग दर वर्षी कुणाचं तरी डोकं, कुणाचं तरी दुकान. सुरुवात कुणी केली म्हणून विचारा, दोन्ही अंगांना उत्तर तोंडपाठ.

मारामारी व्हायची ती घटकाभर. भीती मात्र सगळा दिवस पुरायची. कुठे टायर फुटला तरी धडाधड शटरं खाली. कुणाचं औषध संपलेलं, कुणाची कामाची पाळी चुकलेली, कुणाची लेक परीक्षेला जायची ती दाराशी दप्तर घेऊन रडतेय, आणि बाहेर डोकावून बघायची कुणाची छाती नाही, कारण डोकावायचं म्हणजे चौकातच जायचं. दोन्ही गल्ल्यांचं हेच.

एकदा अशाच मिरवणुकीच्या आदल्या दिवशी पलीकडची चादरीची टोकं हातात देता देता म्हणाली, 'उद्या तुमची मिरवणूक पुढे गेली की मला एक फोन कर गं. ह्यांना दुकान उघडायचं असतं. नुसतं बसवत नाही त्यांना, येरझारा घालतात.'

'करीन की. आणि तुमची असेल तेव्हा तू कर.'

'बरं.'

एवढाच तो तह. त्याला सही नाही, शिक्का नाही, पुढाऱ्याचा फोटो नाही.

मावशीच्या लोकांची मिरवणूक मावशीच्या खिडकीखालून जायची. पलीकडच्या लोकांची मिरवणूक पलीकडचीच्या खिडकीखालून, मागच्या रस्त्याने यायची आणि शाळेच्या भिंतीआड मैदानाकडे वळायची. भिंतीमागे काय चाललंय ते मावशीला दिसत नसे, आणि मोठ्या रस्त्यावर काय चाललंय ते पलीकडचीला दिसत नसे. म्हणजे दोघींनी मिळून एक अख्खा चौक बघायचा.

आणि मावशीच्या लोकांची एक जुनी रीत होती. मिरवणुकीत सगळ्यात शेवटी म्हातारे चालायचे. पुढे बँड, मग झेंडे, मग पोरं, मग बायका, आणि पार शेपटाला म्हातारी माणसं, काठ्या टेकत, खोकत, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत. त्यांना पुढे घातलं तर सगळ्यांनाच त्यांच्या चालीने चालावं लागेल, म्हणून कुणीतरी कधीतरी हे ठरवलं असेल. कारण काही का असेना, म्हातारे गेले की मिरवणूक गेली. म्हाताऱ्यांच्या मागे फक्त झाडूवाले. मावशी तेवढंच बघायची. शेवटचा म्हातारा दिसेनासा झाला की फोन लावायची आणि म्हणायची, 'गेली.'

तो शब्द हळूहळू सगळ्यांचा झाला. पलीकडच्या गल्लीत बायका जिन्यावर येऊन विचारायच्या, 'आला का गं तुझ्या मैत्रिणीचा फोन?' आणि थंडीत इकडे मावशीच्या खिडकीखाली माणसं माना वर करून उभी राहायची. 'मावशी, गेली का मिरवणूक?' पोलिसांचा भोंगा बोंबलून सांगायचा की परिस्थिती नियंत्रणात आहे, त्यावर कुणी दाराची कडीसुद्धा काढत नसे. मावशी म्हणाली गेली, की शटरं वर. बाईला त्याचा गर्व होता, का नसावा? सगळ्या जन्मात तिच्या बोलण्यावर कुणी एवढा भरवसा ठेवला नव्हता, नवऱ्याने तर मुळीच नाही. आपला हा एक शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढं तिने मनाशी धरलं होतं. मुलगा हसायचा. तो टायरच्या दुकानात कामाला होता आणि मिरवणुकीत खांद्यावरून पट्टा घालून पुढे चालायचा. 'आई, तू काय वाहतूक पोलीस आहेस का?' असं म्हणायचा.

पलीकडचीचा नवरा किल्लीवाला. चौकात, कपाटाएवढ्या टपरीत बसून किल्ल्या घडवायचा. मावशी त्यांना भावजी म्हणायची. माणूस एवढा अबोल की गिऱ्हाईकाने दिलेली किल्ली उजेडात धरून बघायचा आणि फक्त 'हं' म्हणायचा, त्या हंमध्ये भाव आणि वेळ दोन्ही ठरायचं. विसरभोळ्या लोकांची एकेक जादा किल्ली तो टपरीतच टांगून ठेवायचा. दोन्ही अंगांची निम्मी घरं त्या खिळ्यांवर लटकलेली असायची. मावशीचीही एक होती.

त्या उन्हाळ्यात मिरवणूक नेहमीसारखीच आली. ऊन मी म्हणत होतं. मावशी खिडकीत. बँड गेला, बॅनर गेलं, बॅनरपाशी पट्टा घातलेला मुलगा दिसला, भोंग्यांचे ट्रक गेले, झेंडे गेले, बायका गेल्या. मग म्हातारे आले. एकाने तर वर बघून हात केला. मावशीने पदर सावरून हात केला. शेवटचा म्हातारा पुढे सरकला आणि रस्त्यावर चुरगळलेले कागद, कुणाची तरी तुटकी चप्पल, बाकी काही नाही. तिने फोन लावला.

'गेली.'

'बरं,' पलीकडची म्हणाली.

मावशी आत गेली, गॅसवर पाणी ठेवलं. खाली टपरीचं शटर करकरत वर गेल्याचा आवाज आला. तो आवाज तिच्या ओळखीचा. त्यापाठोपाठ ढोल ऐकू आला, आणि तो पुढून येत नव्हता, मागून येत होता, जिकडून मिरवणूक आली होती तिकडून.

ती खिडकीत आली तेव्हा रस्ता भरला होता. नुसती पोरं. काही तोंडं ओळखीची, काही कुठूनतरी आणलेली. हातात काठ्या, काठ्यांना झेंडे नाहीत. मावशी ओरडली. 'भावजी, आत जा, शटर ओढा.' ज्या आवाजाला सगळी गल्ली वचकून असायची तो आवाज त्या दिवशी खालच्या ढोलापुढे काहीच नव्हता. ती पुन्हा पुन्हा ओरडत राहिली, खिडकीच्या गजांवर हात आपटत राहिली, आणि किल्लीवाला पाठ करून खिळ्यांवर किल्ल्या टांगत राहिला.

त्याला बाहेर ओढलं. टपरी उलटी केली. बॅरिकेडपाशी पोलीस उभे होते आणि उभेच राहिले, त्यांना वरून आदेश नव्हता म्हणे. मावशी जिने उतरून, अडखळत, चप्पल एका पायात आणि एक जिन्यात, चौकात पोचली तेव्हा पोरं पुढे निघून गेली होती. किल्लीवाला रस्त्यावर बसला होता आणि पसरलेल्या किल्ल्या गोळा करत होता. बोटं वाकत नव्हती. बूट घालून हातांवर नाचले होते लोक. तो किल्ली तळव्याने ओढायचा, ती घरंगळायची, पुन्हा ओढायचा. कपाळातून रक्त येत होतं, ते त्याच्या गावीही नव्हतं.

मावशीने त्याच्यासमोर बसकण मारली. त्याने वर बघितलं.

'ताई, गेली म्हणालात ना?'

राग नव्हता त्यात. एखादा माणूस पत्ता विचारतो तसं विचारलं त्याने. मावशीला वाटलं, यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मुलगा घरी आला तो पाणी प्यायच्या आधीच म्हणाला, 'मी पुढे होतो, बॅनरपाशी.'

'मी काही विचारलं नाही अजून.'

'सांगून ठेवतो.'

'म्हातारे गेले होते,' मावशी म्हणाली. 'मी डोळ्यांनी बघितले. म्हातारे गेल्यावर पोरं कुठून आली?'

'या वर्षी म्हाताऱ्यांना मधे घेतलं. मागे फरफटत येतात बिचारे, धूळ खातात. त्यांचा मान ठेवायला नको? आणि मागची बाजू भक्कम पाहिजे, म्हणून तिथे पोरं. प्रार्थनाघरापाशी रेंगाळली असतील जरा.'

'हे ठरलं कधी?'

'महिना झाला. बैठकीत ठरलं.'

'आणि मला नाही सांगितलंस?'

'तुला कशाला सांगायचं? तू कुठे मिरवणुकीत असतेस?' मुलाने खरंच नवल वाटल्यासारखं विचारलं. आईचा फोन त्याला वर्षानुवर्षं माहीत होता, पण मिरवणुकीच्या रांगेचा आणि त्या फोनचा काही संबंध आहे हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. की आलं होतं? मावशीने ते विचारलं नाही. त्या दिवसापासून मायलेकरांत न विचारलेलं बरंच काही साठत गेलं.

किल्लीवाल्याला दोघी काम करायच्या त्याच इस्पितळात ठेवलं होतं. मावशी वॉर्डात गेली तेव्हा दारात पलीकडचीचा दीर उभा. त्याने वाट सोडली नाही. पलीकडचीच बाहेर आली. दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तिथे चादर नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं हे दोघींनाही कळेना.

'म्हातारे गेले म्हणून मी...' मावशी म्हणाली.

'मला माहीत आहे. मीही म्हातारेच बघितले असते.'

'मी मुद्दाम नाही गं...'

'मला सांगतेस होय?' पलीकडची म्हणाली. मग जराशाने, 'दोन बोटं काढावी लागणार. बाकीची आखडतील म्हणाले.'

दीर मागून बोलला, 'वहिनीला पटलंय तुमचं. गल्लीला पटवा जाऊन. सगळे म्हणतायत, बाईने बोलावून मारलं.'

मावशी माघारी वळली. 

मग शांतता समितीची बैठक झाली. दोन्ही अंगांचे पुढारी एका सोफ्यावर बसले, बिस्किटं खाल्ली, फोटो निघाला. दोषींवर कारवाई होईल असं ठरलं. दोषी कोण हे सोडून बाकी सगळं ठरलं. मावशीला तिथे कुणी बोलावलं नाही आणि किल्लीवाल्याला तर नाहीच. पुढच्या वर्षी बॅरिकेड आणखी उंच करायचे, यावर मात्र लगेच एकमत झालं.

पण खरी मजा इकडे मावशीच्या गल्लीत झाली, मजा म्हणावी तर. टपरी उलटली तेव्हा सगळ्यांच्या जादा किल्ल्या रस्त्यावर पसरल्या होत्या. काही सापडल्या, काही नाही. आणि एका सकाळी एका शहाण्याच्या डोक्यात आलं, की आपल्या घरांच्या किल्ल्या त्या माणसाकडे आहेत. ज्याला आपल्या पोरांनी तुडवलं, त्याच्याकडे. झालं. दुपारपर्यंत ही गोष्ट गल्लीभर. संध्याकाळी शेजारच्या वस्तीतला कुलूपवाला बोलावला गेला आणि घराघरांतून ठोकाठोक सुरू. मार खाल्लेला माणूस तिकडे हाताला बँडेज बांधून, बायकोच्या हातून घास घेत पडलाय, आणि इकडे त्याच्या धाकाने लोक दाराला दुहेरी कुलपं लावतायत. मावशीने खिडकीतून सगळ्यांची हजेरी घेतली. 'लाजा वाटत नाहीत का रे? त्या माणसाला स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावता येत नाही आणि तो तुमची कुलपं उघडणार?' कुणी उलटून बोललं नाही. कुणी ठोकाठोक थांबवलीही नाही.

तिने आपलं कुलूप बदललं नाही. एक दिवस कामावरून आली आणि किल्ली फिरेना. आतून मुलाने दार उघडलं आणि नवी किल्ली तिच्या हातावर ठेवली. मावशी त्याला काय काय बोलणार होती. पण रात्री अंथरुणावर पडली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की कुलूप नवं झाल्यापासून आपल्याला जरा बरं वाटतंय. त्याची तिला एवढी शरम वाटली की ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडली.

पलीकडची सुट्टी संपवून कामावर आली. दोघी पुन्हा समोरासमोर उभ्या राहिल्या. झटका तोच, पावलं तीच. लांब असताना भाजीचे भाव झाले. जवळ आल्यावर मात्र दोघीही चादरीकडे बघायच्या. एकदा मावशीने विचारलं, 'भावजी काय करतात दिवसभर?' 'बसतात,' पलीकडची म्हणाली आणि टोकं हातात देऊन मागे गेली. किल्लीवाला बाहेर पडायचाच बंद झाला होता. दाराची कडी दर थोड्या वेळाने कुणालातरी तपासायला सांगायचा, आणि त्याच्या मनाची खात्री पटायची नाही.

थंडी पडली. पलीकडच्या लोकांच्या मिरवणुकीची पत्रकं भिंतींवर लागली. आदल्या दिवशी शेवटची चादर घडी घालून झाली तेव्हा पलीकडची म्हणाली, 'उद्या फोन करते मी.'

मावशीने घडी गठ्ठ्यावर ठेवली. 'कर,' ती म्हणाली.

गल्लीत वेगळंच चाललं होतं. यंदा ते वचपा काढणार, असं जो तो सांगत होता. कुणाकडून ऐकलं म्हणून विचारलं तर तोंडं दुसरीकडे. मुलगा म्हणाला, 'त्या बाईचा फोन आला तरी कुणी खाली उतरायचं नाही. आपण त्यांच्या माणसाला बाहेर काढलं, आता ते आपल्या माणसाला काढतील. सरळ हिशोब आहे.'

'आपण काढलं नाही. चूक झाली.'

'त्यांना काय माहीत?'

'तिला माहीत आहे.'

'आई,' मुलगा समजावणीच्या सुरात म्हणाला, 'तुझी बोटं कुणी तोडली असती तर मी काय केलं असतं?' मावशीने त्याच्याकडे बघितलं. पोरगा आपला होता, जेवला का म्हणून रोज विचारणारा होता. तो काय करेल हे तिला नीट माहीत होतं, आणि पलीकडचीलाही दीर होता, भाचे होते, सगळं गणगोत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून खिडकी बंद, फट ठेवून. ढोल आले, भोंगे आले, शाळेच्या भिंतीमागून धूळ उठली. मग आवाज मैदानाकडे सरकला, बारीक झाला. चौक रिकामा. पण भिंतीमागे काय आहे ते इकडून कधीच दिसत नव्हतं आणि आजही दिसत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी माणसं जमू लागली. गिरणीच्या रखवालदाराला पाळीवर जायचं होतं, मागच्या महिन्यात तो दोनदा चुकला होता आणि तिसऱ्यांदा चुकला तर घरी बसवू असं त्याला बजावलेलं होतं. तो बिचारा डबा घेऊन, वर मान करून उभा.

मावशी स्वयंपाकघरात फोन हातात धरून बसली होती. वाजला तसा उचलला.

'गेली,' पलीकडची म्हणाली.

'सगळी?'

हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं. 

'सगळी,' पलीकडची म्हणाली. तिला धाप लागली होती. 'या वेळी नुसतं खिडकीतून नाही बघितलं. खाली उतरून मैदानापर्यंत त्यांच्या मागे चालत गेले. सगळे आत गेले, फाटक लावलं, ते बघून आले. सोड तुझ्या माणसांना.'

'बरं.'

मावशी खिडकीत आली. रखवालदाराने खालून विचारलं, 'मावशी, आला का फोन?'

तिच्या डोळ्यांसमोर तळव्याने किल्ली ओढणारा तो माणूस आला. तो दीर आला, दारात उभा असलेला. ती असं कशाला करेल, मावशीने स्वतःला विचारलं. आणि लगेच आतून दुसरं कुणीतरी म्हणालं, कशाला नाही करणार? तू तिच्या जागी असतीस तर? खाली सगळ्या माना वर होत्या. हा रखवालदार चौकात गेला आणि भिंतीमागून कुणी आलं, तर पुन्हा आपलाच शब्द. पुन्हा कुणीतरी रस्त्यावर बसून आपल्याला विचारणार.

'नाही आला,' मावशी म्हणाली.

रखवालदार डबा दुसऱ्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. शटरं खालीच राहिली. बराच वेळ गेला आणि मग शाळेच्या भिंतीआडून एक बाई चौकात आली. एकटी. पायात चपला, अंगावर घरातलीच साडी. चौकाच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि तिने वर, थेट या खिडकीकडे बघितलं. मोकळा रस्ता दाखवायला माणसाने आणखी काय करावं?

'कोण आहे ती?' खाली कुणीतरी म्हणालं.

'बाईला पुढे पाठवलंय,' दुसरा म्हणाला. 'मागे असतील दबा धरून.'

लोक दोन पावलं मागे सरकले. रखवालदारही सरकला. मावशीने वरून एक शब्द टाकला असता तर पुरे होतं, ही माझी मैत्रीण आहे, एवढंच. तिचे ओठ हललेही. बाईने चौकात उभ्या उभ्या पिशवीतून फोन काढला, कानाला लावला, आणि घरात मावशीचा फोन वाजू लागला.

मुलगा जवळ आला. फोनवर कुणाचं नाव आहे ते त्याने बघितलं, मग चौकाकडे बघितलं, मग आईकडे. सगळं त्याच्या लक्षात आलं.

'वाजू दे,' मावशी म्हणाली.

मुलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी महिन्यांनी इतक्या मायेने ठेवला असेल. 'आता कळलं तुला,' तो म्हणाला.

फोन वाजून वाजून थांबला. चौकातली बाई तशीच वर बघत उभी होती. मग तिने फोन पिशवीत टाकला आणि ती आली तशी भिंतीआड निघून गेली. रस्ता त्यानंतरही संध्याकाळपर्यंत मोकळाच होता.